तेरा सामन्यांची आघाडी

प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशनचा जिना चढून वर या. घाई करून उपयोग नाही. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं आहेत आणि सगळी एकाच दिशेने निघाली आहेत. मघाशी दहा सेंटचं नाणं टाकून तुम्ही फिरता दांडा ढकललात, गाडीत उभ्यानेच आलात आणि आता शर्ट पाठीला चिकटलाय. वर येताच ऑगस्टचं ऊन थेट डोळ्यांत घुसतं. साल १९५१, ठिकाण ब्रुकलिन. इथे कुणाला ‘तुम्ही न्यूयॉर्कचे ना?’ असं विचारू नका. कागदोपत्री हा न्यूयॉर्कचाच भाग, पण नदीपलीकडे मॅनहॅटनला जायचं झालं की ही माणसं ‘शहरात चाललोय’ म्हणतात. त्यांचं गाव हे. आणि गावाला स्वतःची बेसबॉलची टीम आहे, ब्रुकलिन डॉजर्स.

रस्ता विचारायची गरज नाही, नाकच नेईल. आधी बेकरीतून ताज्या पावाचा गोडसर वास येतो. चार पावलांवर भाजलेल्या शेंगा. मग हॉट डॉगवरच्या पिवळ्या मस्टर्डचा आंबट झणका, आणि या सगळ्यावर सिगारचा धूर, कारण तुमच्या पुढच्या हॅटवाल्या गृहस्थांनी आत्ताच एक पेटवली आहे. पायाखालचं डांबर इतकं तापलंय की बुटाचा तळवा उचलताना किंचित चिकटतो.

एबेट्स फील्ड समोर आलं तरी लगेच कळत नाही. गल्ल्या, घरं, पेट्रोल पंप यांच्या मधोमध हे मैदान अक्षरशः कोंबून बसवलंय. बेडफर्ड ॲव्हेन्यूच्या बाजूला जरा थांबा. फुटपाथवर चार-पाच पोरं पोटावर पालथी पडली आहेत. पडली नाहीत, सामना बघताहेत: लोखंडी फाटकाखाली बोटभर फट आहे आणि तिच्यातून मैदानाचा हिरवा पट्टा नि खेळाडूंचे पाय दिसतात. गालाला फुटपाथची धूळ, कानाशी गाड्यांचे हॉर्न. भिंतीवरून एखादा चेंडू बाहेर आला तर त्याच्यामागे धावायचं म्हणून आणखी काही पोरं रस्त्यापलीकडे हातात ग्लोव्ह घालून उभी आहेत.

आत शिरायचं म्हणजे आधी गोल घुमटाच्या दालनात यायचं. जमीन संगमरवरी, तिच्यावर बेसबॉलच्या शिलाईची नक्षी. मान वर करा. झुंबराचे बारा हात म्हणजे बारा बॅटी आहेत आणि टोकाला चेंडूसारखे दिव्यांचे गोल. बघायला फार सुंदर, पण बघू कोण देतंय? तिकीट काढणारे आणि तिकीट काढून आत निघालेले याच एका दालनात एकमेकांना भिडतात. कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतं, कुणाची तरी शेंगांची पुडी तुमच्या कॉलरमध्ये रिकामी होते. या मैदानात जेमतेम बत्तीस हजार माणसं मावतात, आणि आज ती सगळी तुमच्याच अंगावरून चाललीत असं वाटतं.

उतार चढून वर या आणि मग ते दिसतं. एवढ्या विटा, धूर, डांबर यांच्यामध्ये एकदम लख्ख हिरवं गवत.

खुर्ची गाठा. लाकडी आहे, अरुंद आहे, आणि खेळाडू इतके जवळ आहेत की कॅचरची बडबड तुम्हाला ऐकू येते. तो कॅचर म्हणजे रॉय कॅम्पानेला. अंगाने गोल, भक्कम, पण आवाज बारीक आणि चिरका. बॅटवाल्यामागे उकिडवा बसून तो सतत कुणाला तरी काही सांगत असतो. पहिल्या बेसवर गिल हॉजेस, पंजे एवढे मोठे की ग्लोव्ह उगीचच घातलाय असं वाटावं. दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागी, कॅप्टन पी वी रीस. मध्यभागी लांबवर ड्यूक स्नायडर. आणि दुसऱ्या बेसवर ४२ नंबरचा जॅकी रॉबिन्सन.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळाची सवय व्हायला दोन डाव पुरतात. पिचर टप्पा न पाडता फेकतो, बॅटवाल्याने मारायचं, आणि बेस म्हणजे तीन थांबे शिवून परत घरी, मारायच्या जागी, आला की एक धाव. तीन माणसं बाद झाली की दुसऱ्यांची पाळी, असे नऊ डाव. चेंडू कुंपणाबाहेर गेला की होमरन. मारणारा तर घरी येतोच, बेसवर उभे असलेलेही सगळे येतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रॉबिन्सन पहिल्या बेसवर पोचलाय, त्याच्याकडेच बघा. बेस सोडून तो चार पावलं पुढे येतो, हात सैल सोडतो, अंग हलवतो, मागे धावल्याचं दाखवतो, पुन्हा पुढे. पिचरचं अर्धं लक्ष मानेमागे. बत्तीस हजार माणसांचा आवाज हळूहळू चढत जातो, कारण सगळ्यांना माहीत आहे की हा दुसऱ्या बेसकडे पळणार. १९४७ साली तो याच मैदानावर उतरला, त्याआधी कित्येक दशकं मोठ्या लीगचं दार काळ्या खेळाडूंना बंद होतं. तुमच्या रांगेत डाव्या हाताला एक काळं कुटुंब बसलंय, घरून बांधून आणलेलं चिकन उघडून. उजवीकडचे इटालियन आजोबा त्या कुटुंबातल्या मुलाला स्कोअरकार्ड कसं भरायचं ते दाखवताहेत. रॉबिन्सन सुटतो, धूळ उडते, अंपायर हात आडवे पसरतो, म्हणजे बाद नाही, आणि आजोबा नि तो मुलगा एकमेकांच्या गळ्यात पडतात. शेंगा पुन्हा तुमच्या कॉलरमध्ये.

कान तयार ठेवा. मैदानाच्या स्वस्त बाकांवरून घंटा वाजते ती हिल्डा चेस्टर. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली, म्हणून बाई तव्यावर पळी बडवायला लागल्या. मग खेळाडूंनीच त्यांना गाईच्या गळ्यातली पितळी घंटा आणून दिली. ओरडणं बंद झालं असं मात्र मुळीच नाही. दुसऱ्या बाजूला सिम्फनी नावाचा बँड. वाद्यं चारचौघांची, सूर ज्याचा त्याचा. तीन अंपायर मैदानात आले की हे लोक तीन आंधळ्या उंदरांच्या बडबडगीताची चाल वाजवतात. समोरच्या टीमचा बाद झालेला खेळाडू मान खाली घालून बाकाकडे निघतो, तेव्हा ढोलवाला हात उचलून वाट बघतो. तो खेळाडू हुशार असतो, बसतच नाही, पाणी पितो, उभा राहतो. अख्खं मैदान श्वास रोखून. शेवटी टेकतो बिचारा, आणि त्याच क्षणी ढम्म!

उजवीकडची उंच भिंत बघून ठेवा. खालचा भाग तिरका, वरचा सरळ, त्याच्यावर तारेची जाळी. चेंडू कुठे आपटला तर कुठे उडेल हे फक्त तिथे उभा राहणाऱ्या कार्ल फुरिलोला कळतं. स्कोअरबोर्डाच्या तळाशी एब स्टार्क नावाच्या कपडेवाल्याची लांबलचक पाटी आहे, पाटीला चेंडू लावा आणि सूट घेऊन जा. सूट फारसे कुणी नेत नाही, कारण पाटीच्या पुढ्यात फुरिलो उभा असतो. स्टार्कसाहेबांचं कापड तोच वाचवतो.

पण मैदानापेक्षा मला तुम्हाला गल्ल्यांमध्ये न्यायचंय. तो उन्हाळा खरा तिथे राहत होता.

संध्याकाळी कुठल्याही रस्त्याने चालत सुटा. घरांच्या दगडी पायऱ्यांवर माणसं येऊन बसली आहेत, आत उकाड्याने बसवत नाही. आग लागली तर उतरायचे लोखंडी जिने असतात, त्यांच्यावर गाद्या टाकून पोरं झोपायच्या तयारीत. कुणीतरी आगीच्या बंबासाठीचा नळ उघडलाय, रस्त्यावर पाणीच पाणी, चड्डीतली पोरं किंचाळत त्यातून धावताहेत. पलीकडे झाडूच्या दांड्याची बॅट आणि गुलाबी रबरी चेंडू. मॅनहोलचं झाकण हा एक बेस, उभी मोटार हा दुसरा. आणि प्रत्येक खिडकीतून एकच आवाज, रेडिओवरच्या समालोचकाचा, रेड बार्बरचा. मिसिसिपीकडचा माणूस, बोलणं सावकाश, आवाजात घाई म्हणून नाही. एका खिडकीखालून पिचर हात मागे नेतो, पुढच्या खिडकीखाली तुम्ही पोचता तेव्हा चेंडू निघालेला असतो, न्हाव्याच्या दुकानापाशी फटका बसतो आणि खाटकाच्या दारात फुरिलो तो झेलतो. एक चेंडूही न चुकवता तुम्ही घरी पोचता.

कोपऱ्यावरच्या कँडी स्टोअरमध्ये शिरा. थंडगार संगमरवरी काउंटर, त्यावर कोपरं टेका. एग क्रीम मागवा. उंच ग्लासात चॉकलेट सिरप, थोडं दूध आणि वरून सोड्याची जोरदार धार. लांब चमच्याने ढवळलं की पांढरा फेस काठापर्यंत येतो. पटकन प्या, फेस थांबत नाही. मालकांच्या मागे भिंतीवर खडूने दोन ओळी लिहिल्या आहेत. वरच्या ओळीत डॉजर्स, खाली जायंट्स. जायंट्स म्हणजे नदीपलीकडचे, मॅनहॅटनचे, गावाचे जन्माचे वैरी. दोन्ही नावांमध्ये आकडा: तेरा.

तेरा सामन्यांची आघाडी, तीही ऑगस्टच्या मध्यावर. लीगमध्ये आठ टीम, प्रत्येकीचे १५४ सामने, आणि पहिला नंबर एकच. पहिला वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेला, जातो. दुसरा घरी जातो. गेल्या वर्षी डॉजर्स शेवटच्या दिवशी, दहाव्या डावात, फिलाडेल्फियाकडून हरून दुसरे आले होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य इथली पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. पण हे ते पुढचं वर्ष. बारीक अंगाचा पिचर प्रीचर रो हरायलाच तयार नाही. हंगाम संपेल तेव्हा त्याच्या नावावर २२ विजय आणि ३ पराभव असतील. मालक खडू कानावर ठेवून हसतात. ऑक्टोबरच्या तिकिटांचं काय करायचं यावर आत्तापासून भांडणं.

बे रिजकडे गेलात तर रीस किंवा स्नायडर किराणा घेऊन घरी जाताना दिसू शकतो. हे लोक तिथेच भाड्याच्या घरांत राहतात. हॉजेसने तर ब्रुकलिनचीच मुलगी केली आहे. खेळाडू कसा खेळला ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला सांगतो. ही जवळीक मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते. पुढे टीम लॉस एंजेलिसला गेली, १९६० साली मैदान पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. या पाववाल्याला नाही. त्याला आजचा दिवस मनसोक्त बोलू द्या.

आणि हो, तेरा ऑगस्टची रात्र सोडू नका. वादकांच्या युनियनने सिम्फनी बँडवर हरकत घेतली, म्हणून क्लबने जाहीर केलं: जो वाद्य घेऊन येईल त्याला फुकट प्रवेश. दिव्यांच्या झोतात एबेट्स फील्डवर तुताऱ्या, ॲकॉर्डियन, डबे, शिट्ट्या, ढोल, कुणाची तरी हार्मोनिका. दोन वाद्यांचा सूर जुळत नाही. शेजारच्या बाई तुमच्या हातात एक झांज देतात. वाजवा. ब्रुकलिन इतकं निर्धास्त पुन्हा या हंगामात दिसणार नाही.

त्याच सुमारास जायंट्सनी जिंकायला सुरुवात केली. एक, दोन, पाच. कुणी लक्ष दिलं नाही. सलग सोळा झाले तेव्हा कँडी स्टोअरचे मालक आकडा पुसताना खडू जरा जोरात दाबायला लागले. डॉजर्स काही वाईट खेळत नव्हते; पण जायंट्सनी शेवटच्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकले, त्याला कोण काय करणार? सप्टेंबर येतो. संध्याकाळी वारा गार होतो, पायऱ्यांवरची माणसं अंगात स्वेटर घालतात, पण आत जात नाहीत. गप्पा कमी, रेडिओ मोठा. ‘ब्रुकलिन ईगल’ येताच लोक पहिलं पान उलटून थेट तक्ता बघतात. नऊ. सहा. तीन. एक.

हंगामाचा शेवटचा रविवार. जायंट्स बोस्टनमध्ये जिंकून बसलेत. डॉजर्स फिलाडेल्फियात, आणि एकदा तर ६-१ ने मागे. जेवणाची ताटं तशीच, सॉस थंड होऊन त्यावर साय आलीय, आजी जपमाळ ओढताहेत. बरोबरी होते. बारावा डाव, फिलाडेल्फियाचे तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, सणसणीत फटका, आणि रॉबिन्सन आडवा झेपावतो. चेंडू हातात, पण कोपर पोटात रुतून तो तिथेच निपचित. रेडिओजवळ सगळे उभे राहतात, जणू उभं राहिल्याने त्याला उठता येईल. तो उठतो. चौदाव्या डावात होमरन मारून ९-८ असा सामनाही तोच जिंकून देतो. रस्त्यावर भांडी बडवली जातात, कुणीतरी तुमच्या गालाचा मुका घेतं, दाढीला लसणाचा वास. दोघांचेही ९६ विजय, ५८ पराभव. आता तीन सामन्यांत निकाल.

पहिला एबेट्स फील्डवर, आणि जायंट्स ३-१ ने जिंकतात. डॉजर्सचा पिचर राल्फ ब्रँका, त्याच्या चेंडूवर बॉबी थॉमसनचा होमरन. दुसरा जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर, तिथे डॉजर्स १०-० ने धुऊन काढतात.

तिसरा, तीन ऑक्टोबर, बुधवार, पुन्हा पोलो ग्राउंड्सवर. तुम्ही तिकडे जाऊ नका. त्या दिवसाची गोष्ट जगाने जायंट्सच्या जल्लोषासकट हजार वेळा ऐकली आहे. तुम्ही इथेच बसा, कँडी स्टोअरमध्ये. बाहेर ढगाळ, आत दिवे लावलेत. शाळा सुटून पोरं घुसली आहेत, ओल्या लोकरीचा नि च्युइंगमचा वास. पोस्टमन थैली तशीच खांद्यावर घेऊन दारात उभा. आठव्या डावात डॉजर्सच्या तीन धावा येतात, ४-१, आणि मालक जाहीर करतात की आजचं एग क्रीम त्यांच्याकडून. ग्लास ओळीने मांडतात. सोड्याची धार सुरू.

नववा डाव, जायंट्सची शेवटची पाळी. डॉजर्सचा पिचर डॉन न्यूकम दमलाय, बार्बरच्या आवाजातूनही कळतंय. डार्कचा फटका, एक बेस. म्युलरचा फटका, आणखी एक. अर्विन उंच मारून बाद. पोरं टाळ्या पिटतात. लॉकमनचा दोन बेसचा फटका, ४-२. बेसवर दोघे. म्युलरचा घोटा मुरगळला, त्याला उचलून नेताहेत, खेळ थांबलाय. या थांबण्याचा त्रास कसा सांगू? मालक काउंटरची एकच जागा पुसत राहतात. न्यूकमच्या जागी पिचर बदलणार. कोण? ब्रँका. पाठीवर १३ नंबर. समोर पुन्हा थॉमसन.

पहिला चेंडू, स्ट्राइक; असे तीन झाले की बाद. कुणीतरी ‘हां!’ करतं. दुसरा.

बार्बर ओरडत नाही. चेंडू डाव्या कुंपणाकडे निघाला, डॉजर्सचा पॅफ्को मागे मागे चाललाय, भिंतीशी पोचला, आणि मग तो फक्त सांगतो की गेला. त्यानंतर कितीतरी वेळ काही बोलतच नाही. रेडिओतून नुसती परक्यांची आरोळी येत राहते. ५-४. भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी. पोस्टमन थैली सावरतो आणि पत्रं वाटायला जातो. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा हमसून हमसून रडतोय आणि मालक त्याला रागावतात, पण स्वतःचं तोंड भिंतीकडे करून. काउंटरवर ओळीने मांडलेल्या ग्लासांतला फेस बसून खाली तपकिरी पाणी झालंय. कुणी हात लावत नाही.

उद्याच्या पेपरात फोटो येईल, ब्रँका ड्रेसिंग रूमच्या पायऱ्यांवर पालथा पडलाय. आणि रॉबिन्सन मैदानातून हललाच नव्हता. थॉमसन प्रत्येक बेसला खरंच पाय लावतो की नाही हे बघत शेवटपर्यंत उभा होता. मला हंगामातल्या सगळ्या झेलांपेक्षा आणि होमरनांपेक्षा रॉबिन्सनचं हे उभं राहणं मोठं वाटतं.

दिवेलागणीला पुन्हा पायऱ्यांवर या. सगळे आलेत. तासभर कुणी बोललं नव्हतं, आणि आता एकदम तोंडं सुटली आहेत. ब्रँकाच का? सोमवारीच थॉमसनने त्याला मारला होता ना! अहो, दुसरा पिचर होता अर्स्किन, त्याचा चेंडू सरावात जमिनीवर आपटत होता म्हणे. मग न्यूकमलाच ठेवायचं होतं! दमला होता तो, दिसत नव्हतं? आणि कॅम्पानेला जायबंदी नसता तर? तुमच्या डाव्या हाताला बसलेले एक आजोबा उठून उभे राहतात. एकच जण बाद होता, पहिला बेस रिकामा होता! थॉमसनला मुद्दाम चार वाईट चेंडू टाकून पहिल्या बेसवर पाठवायचं आणि पुढच्या पोराला बाद करायचं! तो पुढचा पोरगा विशीतला, पहिलाच हंगाम, विली मेज नावाचा. तो पुढे केवढा मोठा खेळाडू होणार आहे हे तुम्हाला माहीत आहे, आजोबांना नाही.

तुम्हाला आणखीही माहीत आहे. जायंट्सनी त्या हंगामात सेंटर फील्डमागच्या खोलीतून दुर्बीण लावून समोरच्या कॅचरच्या खुणा वाचल्या आणि तारेने बझर वाजवून खाली कळवल्या, हे २००१ साली वर्तमानपत्रात छापून येईल. थॉमसन म्हणेल, त्या चेंडूची खूण मला मिळाली नव्हती. सांगून बघा हवं तर. पन्नास वर्षं आधी पुरावा कुठून आणणार?

तोवर वाद तुमच्यापर्यंत आलाय. आजोबांचं बोट तुमच्या छातीवर. तुम्ही बोला हो, डॉजर्सचे मॅनेजर तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

थॉमसनला पहिल्या बेसवर पाठवलं असतं, तुम्ही म्हणता.

आणि जिंकायची धाव स्वतःच्या हाताने बेसवर ठेवली असतीत? तीन पायऱ्या खालचा खाटीक ओरडतो, आणि सगळे एकदम बोलायला लागतात.